टपाची गाडी

'कन्व्हर्टिबल'ला मराठीत शब्दच नाही, असे मला मध्यंतरी एका तरुणाने ऐकवले. मला हसू आले. शब्द आहे, आणि चांगला जुना आहे. टपाची गाडी! हवा तेव्हा टप चढवायचा, नको तेव्हा उतरवून ठेवायचा. टांग्याला टप असे, बग्गीला असे, आणि आमच्या खानदेशात दमणीलाही असे. पुढे जीप आली तेव्हा तिच्या कॅनव्हासलाही आमच्याकडची जुनी माणसे टपच म्हणत. वस्तू बदलली तरी शब्द टिकून राहिला. अशा शब्दांच्या मागे लागले की इतिहास बराच सापडतो.

या विषयाच्या मागे लागण्याचे कारण मात्र घरगुती आहे. माझी मुलगी आणि जावई धुळ्याला देवपुरात राहतात. नात पाच वर्षांची आहे. जावयांना उघड्या गाडीची हौस. "आप्पा, सगळ्यांसारखी पांढरी, चार दारांची गाडीच आयुष्यभर चालवायची का?" असे ते विचारतात. मुलीची ना नाही. तिचा एकच प्रश्न, त्या गाडीत आपली मुलगी बसणार कुठे? आणि दोघेही निवाड्यासाठी माझ्या तोंडाकडे पाहतात.

आता मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. मला इंजिनातले काय कळणार? पण एखादी वस्तू आज जशी आहे तशी का झाली, हे विचारण्याची खोड मला आहे. उघड्या गाडीबद्दल तोच प्रश्न विचारला, तेव्हा लक्षात आले की टपाची चर्चा सगळे करतात आणि बैठकीची कोणी करत नाही. कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर इतिहास बैठकीचा आहे. टप त्यात दुय्यम.

सुरुवात दमणीपासून करू. नव्या पिढीसाठी सांगतो, शेतमाल वाहायची बैलगाडी वेगळी आणि दमणी वेगळी. दमणी लहान, हलकी, माणसांसाठी, त्यातही बायका-मुलांसाठी. दोन्ही बाजूंना कठडा, वर बांबूच्या कमानी, कमानींवर तट्ट्या, आणि ऊन फारच असेल तर त्यावर कांबळे. खाली कडब्याचा जाड थर आणि त्यावर गोधड्या. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. ज्याच्या दारात चांगली दमणी आणि धावरी जोडी, त्याचा गावात मान असे. आजच्या भाषेत ती 'हौसेची गाडी'च म्हणायची.

तिचा खरा हंगाम आखाजीचा. अक्षय्य तृतीया खानदेशात दिवाळीपेक्षा कमी नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधतात, घरोघर खापराचे मांडे आणि आमरस असतो. पण हा सण येतो वैशाखात, म्हणजे ज्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत. बहिणीला आणि तिच्या मुलांना आणायला भाऊ मुराळी म्हणून दमणी घेऊन निघायचा. आमचे गाव एरंडोल तालुक्यात, आईचे माहेर अमळनेरच्या बाजूला. तीस-एक किलोमीटर अंतर, आणि बैलांच्या चालीने आठ तास. मामा पहाटे तीनला गाडी जुंपायचा. तेव्हा टप उघडा, वर नुसते आकाश. सूर्य वर आला की तट्ट्या चढायचा. अकराच्या सुमाराला एखाद्या कडुनिंबाखाली बैल सोडायचे, कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, ऊन कलले की उरलेली वाट. म्हणजे टप उघडणे-मिटणे ही चैन नव्हती. उन्हाच्या घड्याळाप्रमाणे चालणारा तो व्यवहार होता.

आणि बसायची जागा? ती ठरलेली असे. आजी निघताना हमखास अहिराणीत ओरडायची, "पोरले मझार बसाड!" पोराला मध्ये बसव. कडेला मोठी माणसे, मध्ये गोधड्यांत मूल. कठडा, माणसे आणि गोधडी असा तिहेरी बंदोबस्त. शिवाय वेग ताशी चार किलोमीटर. एवढे करूनही कोणी पडलेच, तर धुळीत बसून रडायचे आणि धावत येऊन पुन्हा चढायचे. दमणीचा आकार, तिची बैठक आणि तिचा वेग या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून होत्या. शिकलेल्या इंजिनिअराने नव्हे, गावच्या सुताराने पिढ्यान्‌पिढ्या जमवून आणलेले ते गणित होते.

उघड्या वाहनाचा दुसरा उपयोग म्हणजे मिरवणे. तोही आपल्याकडे मोठा झाला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी सगळी सजावट बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या वस्तूंतून उभी केली होती, आणि नेहरूंची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून. मोटारी तेव्हा मिळत नव्हत्या असे नाही. पण खेड्यातल्या लोकांना त्यांचेच वाहन सन्मानाने दिसावे, हा त्यामागचा विचार. (वर्गात मी हा प्रसंग सांगायचो तेव्हा मुले ठरावांपेक्षा बैलांबद्दलच जास्त विचारायची. मुलांचे बरोबरच असते.) मिरवणुकीत माणूस दिसला पाहिजे, म्हणून वर छप्पर नको. आजही नवरदेव उघड्या बग्गीत किंवा उघड्या जीपमध्येच बसतो, बंद मोटारीत बसून वरात निघत नाही. उघड्या गाडीची हौस म्हणतात ती पुष्कळ अंशी ही दिसण्याची हौस आहे. ती वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. फक्त मिरवणूक माणसाच्या चालीने चालते, एवढे ध्यानात ठेवावे.

मोटारीचा जन्मही उघडाच झाला. पहिल्या मोटारी म्हणजे घोडे काढलेल्या बग्ग्याच होत्या. १९०८ साली अमेरिकेत आलेली फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी घ्या, तिचा सगळ्यात खपाचा प्रकार कापडी टपाचाच. पत्र्याचे पक्के छप्पर तेव्हा महाग होते. १९२० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि लोकांनी भराभर बंद गाड्या घेतल्या. म्हणजे इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर उघडी गाडी ही आधी गरिबाची होती, छप्पर ही चैन होती. पुढे सगळ्यांच्याच डोक्यावर छप्पर आले आणि ते काढणे ही चैन झाली! जुन्या वाड्यातल्या उघड्या चौकाचे झाले तसेच हे.

आपल्याकडे मात्र उघडी मोटार आली ती युद्धाच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपले आणि १९४५ साली महिंद्र बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलिजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडायला त्यांनी सुरुवात केली होती. त्या जीपला दरवाजे नव्हते, पुढची काच आडवी पाडता येत असे, वर लोखंडी कमानी आणि कॅनव्हास. का? कारण सैनिकाला पटकन उडी मारून उतरता आले पाहिजे, बंदूक चालवता आली पाहिजे. लहान मूल हा विचार ती गाडी बनवणाऱ्याच्या डोक्यात असण्याचे कारणच नव्हते.

तीच जीप खानदेशात आली आणि काळ्या मातीच्या रस्त्यांना अशी मानवली की बोलायची सोय नाही. केळीच्या बागा, कापसाची शेते, पावसाळ्यातला चिखल, पुलाविना नदी-नाले. निवडणुकीचा प्रचार जीपमधून, डॉक्टरांची फेरी जीपमधून, वऱ्हाडही जीपमधून. दमणीची जागा तिने घेतली. टप होता, कमानी होत्या, हवा खेळती होती. आकाराने सारखी दिसे म्हणून लोकांनी बसायची रीतही तीच ठेवली. मागे चाकांच्या वर समोरासमोर दोन आडवी बाकडी, त्यांवर आठ-दहा माणसे, आणि मूल कुठे? तर मांडीवर, बहुधा अगदी मागच्या टोकाला, कारण मुलांना पळणारा रस्ता बघायचा असतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. ओळखीच्या घरचे लग्न पारोळ्याकडे होते आणि वऱ्हाडाच्या एका जीपमध्ये मीही होतो. मागे माझ्यासमोर मावशीच्या मांडीवर सहा-सात वर्षांचा मुलगा. एका मोरीवर गाडी उसळली आणि मुलगा मांडीवरून निसटून मागच्या मागे रस्त्यावर. गाडी फार वेगात नव्हती, मागून दुसरे वाहन नव्हते. हात मोडला आणि कपाळाला टाके पडले, एवढ्यावर निभावले. सगळे म्हणाले, देवाची कृपा. मावशीला तिच्या सासरी पुढे कितीतरी वर्षे बोल लागत राहिला. बाकड्याला कोणीच काही म्हटले नाही.

मला वाटते, इथेच सगळा मुद्दा आहे. दमणीहून जीपचा वेग पंधरापट झाला आणि बैठक दमणीचीच राहिली. उलट कठडा गेला आणि गोधडीही गेली. शाळेत आमचे विज्ञानाचे एक शिक्षक होते, ते फळ्यावर मांडून दाखवायचे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर मांडीवरच्या पंधरा किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे १७० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. अशी मावशी कुठे सापडणार? मावशीचा दोष नव्हता, तिला अशक्य काम दिले होते.

पुढची चाळीसेक वर्षे ही बैठक सुधारायला लागली. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. हलकी, नाजूक दिसणारी, पण चिवट. साधी कापडी टपाची जिप्सी तरुणांच्या स्वप्नातली गाडी होती आणि जंगलसफारीत ती आपण सर्वांनी पाहिली आहे. पण मागची बाकडी आडवीच. सामान्य गिऱ्हाइकांसाठी ती २०१९ च्या सुमारास बंद झाली. गोव्यात १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची एक छोटी, देखणी उघडी मोटार तयार होऊ लागली. तिला दोनच आसने. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ १९८९ पासून जगभर गाजली, तीही दोन आसनांचीच. परदेशात अशी गाडी घरातली दुसरी किंवा तिसरी असते. आपल्याकडे एकाच गाडीला लग्न, दवाखाना, गव्हाचे पोते आणि शाळेची फेरी एवढे सगळे करायचे असते. त्यामुळे दोन आसनांची गाडी आवडली तरी विचारात घेता येत नाही. मूल झाल्यावर तिच्यात आई तरी बसेल नाहीतर बाप तरी!

युरोपात याला उत्तर सापडले होते. जर्मनीतली बीटल गाडी टपासहित १९४९ ते १९८० अशी तब्बल एकतीस वर्षे बनत होती आणि तीन लाखांहून अधिक खपली. कारण साधे होते. तिला मागे पुढे तोंड करून बसायची जागा होती. अख्खे कुटुंब मावत असे, मग टप उघडा की मिटा.

हीच गोष्ट आपल्या शेजारी नाशिकला घडली, पण फार उशिरा. महिंद्रची थार २०१० मध्ये आली तेव्हा मागे जुनीच आडवी बाकडी होती. २०२० मध्ये नवी थार आली आणि त्यात काही प्रकारांना मागे पुढच्या दिशेला तोंड असलेली दोन आसने मिळाली, पट्ट्यांसह. सुरुवातीला सहा आसनांचा, आडव्या बाकड्यांचा प्रकारही होता हे विसरू नये. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेने पुढे तोंड असलेल्या आसनांची थार आदळून पाहिली. मोठ्यांसाठी चार तारे मिळाले आणि मुलांसाठीही चार. १९४७ च्या जीपपासून इथपर्यंत यायला त्र्याहत्तर वर्षे लागली. सगळे लोक नव्या गाडीच्या उघडणाऱ्या टपाचे कौतुक करत होते. मला विचाराल तर क्रांती मागच्या आसनात झाली.

कायदाही जवळपास तेव्हाच जागा झाला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांचे खास आसन नसेल तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. हा कायदा आपल्या रस्त्यांवर किती पाळला जातो ते आपण डोळ्यांनी पाहतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी उत्तम होती, बंद होती, छप्पर पक्के होते. त्यानंतर काही महिने मागच्या पट्ट्याची खूप चर्चा झाली. असो.

मग मी जावयांना काय सांगितले? म्हटले, "जावईबापू, टप शेवटी बघा. आधी मागे जाऊन बसा." मागचे आसन पुढे तोंड करून आहे का, पट्टा खांद्यावरून येणारा आहे का, मुलांचे आसन अडकवायची आयसोफिक्सची कडी आहे का, ती गादीच्या फटीत बोटे घालून स्वतः चाचपून पाहा. जुनी गाडी घेणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण हौशी लोक मागची आसने काढून परत आडवी बाकडी बसवून घेतात. टपाखाली लोखंडी पिंजरा आहे ना, हेही बघा. गाडी उलटली तर कापड काय कामाचे? आणि पुढच्या आसनावर मुलाला बसवायचे नाही. तान्ह्या बाळाचे मागे तोंड करून लावायचे आसन तर हवेची पिशवी चालू असलेल्या पुढच्या जागी कधीच ठेवू नये. पिशवी उघडली तर तीच बाळाच्या जिवावर उठते.

दुसरी गोष्ट, दोनच दारांच्या गाडीत मागे जायला पुढचे आसन पाडावे लागते. झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन हे रोज दोनदा करून बघा, असे मुलीने सुचवले. ती व्यवहारी आहे. मुलीच्या मते २०२४ मध्ये आलेली पाच दारांची थार रॉक्स बरी. मागे ऐसपैस जागा, आणि भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे. पण तिचे छप्पर पक्के आहे, त्यात फक्त काचेची खिडकी. जावयांच्या मते मग सगळी गंमतच गेली. त्यात त्या खिडकीतून मुलांना उभे करण्याची जी नवी टूम निघाली आहे, ती पाहून मला पारोळ्याच्या रस्त्यावरची ती जीप आठवते. उघड्या टपाखाली पट्टा लावून बसलेले मूल बंद गाडीच्या छपरातून डोके काढून उभ्या असलेल्या मुलापेक्षा कितीतरी सुखरूप आहे.

आता हवेचा हिशेब. आपल्या भागात टप उघडा ठेवण्यासारखे दिवस किती? मार्चपासून जूनपर्यंत सकाळी आठनंतर नाव काढू नका. पट्ट्याचे धातूचे टोक एवढे तापते की मुलाच्या मांडीला चटका बसेल. पावसाळ्यात प्रश्नच नाही. उरले ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही मोठा हायवे सोडून. जळगाव ते धुळे हे नव्वदेक किलोमीटर कंटेनर आणि केळीच्या ट्रकांच्या मागून उघड्या टपाने जायचे म्हणजे धूर खाणे. वाऱ्याचा सततचा आवाजही लहान कानांना सोसत नाही. पण हिवाळ्याच्या सकाळी धुळ्याहून लळिंगच्या पायथ्यापर्यंत, किंवा एरंडोलहून पद्मालयाच्या तळ्यापर्यंत, सावकाश, चाळिशीच्या आत, टोपी-स्वेटर घालून... तिथे मात्र टप उघडावा. माझे त्याला पूर्ण अनुमोदन आहे. मुलीने झाडे डोक्यावरून जाताना बघावीत. मामाच्या दमणीत पहाटे उताणे पडून पाहिलेले आकाश मला सत्तरी उलटल्यावरही आठवते, आणि बंद मोटारीतले एकही आठवत नाही.

दोघांनी मिळून वर्षाचे असे दिवस मोजले. रविवार, शाळेच्या सुट्ट्या, हिवाळा, सगळे धरून वीस-पंचवीस भरले. जावई म्हणाले, वीस पुष्कळ झाले. मुलगी म्हणाली, मग उरलेल्या दिवसांसाठी मागचे आसन मी पसंत करणार. सध्या दोघे २०२० नंतरची, कापडी टपाची, पुढे तोंड असलेल्या आसनांची चांगली वापरलेली गाडी शोधत आहेत. मुलांचे आसन मात्र मुलीने आधीच घेऊन ठेवले आहे. ते हॉलमध्ये पडलेले असते आणि नात त्यात बसून दूध पिते.